दोन ठिकाणी हुमाबाई

१

ज्या सकाळी डॉक्टर हुमा पुण्यात स्वतःच्या बाळंतपणाच्या कळा सोसत होत्या, त्याच सकाळी त्यांनी पिरंगुटच्या दवाखान्यात एका बाईची गर्भपिशवी काढली. निदान बिल तरी तसं म्हणत होतं. बिलावर हुमाचं नाव होतं आणि नावाखाली तिचा ओळख क्रमांक.

हुमा नावाच्या डॉक्टर देशात शंभर असतील, पण हा क्रमांक एकीचाच. तो बिलावर असला तरच विमा कंपनी बिल हातात घेते. आणि त्याच्यावर एकदा लाल खूण पडली, की त्या डॉक्टरच्या बिलाला कंपनीत थारा नाही.

खूण पाडायची की नाही, हे आज संध्याकाळी ठरणार होतं. ठरणार होतं साधनाच्या तपासावरून.

घोटावड्याच्या चढावर तिने स्कूटर लावली. समोर नवं दुमजली घर. खाली दवाखान्याची खोली तयार होती. भिंतींना रंगाचा वास, तपासणीच्या टेबलावर अजून प्लास्टिक. दारावरची पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीला टेकवलेली. वरच्या मजल्यावर हुमा बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत येरझारा घालत होती.

"बसा ना. याचा ढेकर निघेपर्यंत मला बसता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पोलीस का?"

"नाही हो. विमा कंपनीकडून आले. बिलं खरी की खोटी, एवढंच बघते."

"मग हे खोटंच आहे. त्या दिवशी मला माझं नाव विचारलं असतं तरी आठवलं नसतं. ऑपरेशन कुठलं करतेय!"

"असं एकच बिल नाही, डॉक्टर. तुमच्या रजेत मधून मधून अशी बिलं आहेत. सगळी पिरंगुटची."

हुमा थांबली. बाळाने ती संधी साधून तिच्या ओढणीवर दूध काढलं. तिने पुसलंही नाही.

"शुक्रवारी मी खालची खोली उघडतेय," ती म्हणाली. "इथल्या बायका नवव्या महिन्यात रिक्षाने खड्ड्यांतून पिरंगुटला जातात. त्यांच्यासाठी. माझा नंबर गेला तर मी काय करू इथे? वजनकाटा घेऊन बसू?"

"तुमचा नंबर कुणाकुणाला माहीत आहे?"

"तो गुपित कुठे असतो? माझ्या चिठ्ठीवर आहे, शिक्क्यावर आहे. अख्ख्या मुळशीला माहीत आहे म्हणा ना."

"तुमच्यावर कुणाचा राग?"

हुमाने बाळाची पाठ जरा जोरातच थोपटली. "निरंजन सरांचा आहे. मी त्यांचा दवाखाना सोडतेय म्हणून." आणि लगेच म्हणाली, "पण ते असं करणार नाहीत. हे लिहून घ्या हं, दुसरं वाक्यसुद्धा."

२

डॉक्टर निरंजन ढमाले यांनी साधनाला चहा दिला आणि स्वतःचा राग लपवण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"मी तिला ऑपरेशनला उभी केली. हात धरून शिकवलं. आणि आता बाईसाहेब घोटावड्याला वेगळी चूल मांडतायत."

"त्यांचा नंबर बंद झाला तर ती चूल पेटणारच नाही."

निरंजन यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला काय म्हणायचंय ते मला समजलं. ती गेली की माझ्या निम्म्या बायका तिच्या मागे जाणार, हेही खरं. पण बाई, खोट्या बिलांनी दवाखाना माझाही बुडतो की! तिला अपशकुन व्हावा म्हणून मी स्वतःचं नाक कापू?"

म्हणणं खोटं वाटत नव्हतं. पण रागावलेल्या माणसाचा हिशेब नेहमीच सरळ नसतो, हे साधनाने या नोकरीत पाहिलेलं होतं.

"मग ऑपरेशन केलं कुणी?"

"वाल्मीकने. माझा चुलतभाऊ. हुमाची रजा सुरू झाली तेव्हा तिचा वॉर्ड त्याच्याकडे दिला. इथे ढमाले दोन झाले ना, म्हणून मी ढमाले सर आणि तो वाल्मीक सर." त्यांनी दाराकडे तोंड केलं. "लीलाबाई, वाल्मीकला बोलवा बरं."

बाहेर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बादली घेऊन उभी होती. या लीलाबाई, दवाखान्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशी. आत्ताच त्यांनी जिन्यात उभं राहून खालच्या सिस्टरला अशी हाक मारली होती, की बाहेरच्या रस्त्यावरचा दुचाकीवालाही वळून पाहत होता. आता मात्र त्यांनी बादली ठेवली, हात पदराला पुसले, लांबलचक व्हरांडा चालत पार टोकाला गेल्या आणि तिथलं दार वाजवलं.

डॉक्टर वाल्मीक वाकूनच आत आले, इतके उंच. चष्मा पुसत म्हणाले, "ऑपरेशन मीच केलं. ऑपरेशनच्या कागदावर सही आहे माझी."

साधनाने सही पाहिली. शाईत बुडून मुंगी पळाली असावी तशी ती होती. कुणाचीही म्हणता आली असती.

"तुमचा नंबर कंपनीच्या यादीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. माझी कितीतरी बिलं पास झालीत."

साधनाने मोबाइलवर पडताळलं. माणूस खरं बोलत होता. दोघांच्या ऑपरेशनला कंपनी दर एकच देत होती, हेही तिथेच दिसलं. आणि तिथेच तिचं बोट थांबलं. एकच डॉक्टर, एकच वॉर्ड, एकाच तऱ्हेची ऑपरेशनं. काही बिलांवर त्यांचा स्वतःचा नंबर, काहींवर हुमाचा.

चोर असलाच, तर तो कधी चोरी करत होता आणि कधी चक्क विसरून जात होता.

३

"उपाशी नगा जाऊ," लीलाबाई म्हणाल्या. "तपास काय पळून जातोय?"

मागच्या ओट्यावर उन्हात दोघी बसल्या. पलीकडच्या खाचरात भाताची कापणी उरकली होती, पेंढ्याच्या गंज्या उभ्या होत्या. लीलाबाईंनी स्टीलचा डबा उघडून झाकणातच साधनाला भाकरी आणि वालाची उसळ वाढली. जुन्या भांड्यांवर असतं तसं झाकणाच्या कडेला बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. सौ. लीलाबाई वा. शेडगे.

"हुमा डॉक्टरांना किती वर्षं ओळखता?"

"ती हितं आली तवापास्नं. लई गुणाची पोर. माज्या सुनंची सुटका तिनंच केली. मी बी बाळासाठी दुपटं शिवलंय, तीन साड्यांचं. मऊसूत. शुक्रवारी न्येणार हाय."

"त्यांच्या नावावर खोटी बिलं झालीत, मावशी."

लीलाबाईंचा घास हातातच राहिला. "कुणाच्या जिभंला हाड न्हाई त्यो असं बोलला?"

"मी बोलले. बिलं माझ्यापाशी आहेत. आता सांगा, रजेत त्यांच्या वॉर्डातली ऑपरेशनं कुणी केली?"

"डाक्टरांनी."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"त्येंनी की. उंच हायेत त्ये. चष्म्याचे."

"नाव?"

लीलाबाईंनी व्हरांड्याकडे पाहिलं, मग खाचराकडे पाहिलं, मग डब्याकडे. कानापर्यंत लाल झाल्या.

"नवे डाक्टर," त्या म्हणाल्या.

"नव्या डॉक्टरांना नाव असेल ना?"

"असंल की. मला फरशी पुसायचीया." आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून त्या उठल्याही.

साधना त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहत राहिली. इतका वेळ मोकळेपणी बोललेली बाई एका साध्या प्रश्नावर पळाली होती. काहीतरी लपवल्याशिवाय माणूस असा पळत नाही.

४

दवाखान्याची बिलं दवाखान्यात होतच नव्हती. ती होत होती हिंजवडीच्या अलीकडे, माणच्या रस्त्यावर, मोमोच्या दुकानावरच्या एका खोलीत. तिथे शैलेश नावाचा तरुण कानाला हेडफोन लावून बसलेला होता.

"मॅडम, दहा हॉस्पिटलचं बिलिंग आम्ही बघतो," तो घाईघाईने म्हणाला. "मी त्या हुमा मॅडमना आयुष्यात पाहिलेलं नाही. मला त्यांच्याशी काय घेणंदेणं?"

"बिलावर त्यांचा नंबर तूच घातलास."

"मी घालत नाही ना! पेशंट घरी जायच्या वेळी वॉर्डातून फोन येतो. मी विचारतो, कुणाची पेशंट? ते सांगतात. मी डॉक्टरचं नाव सिलेक्ट केलं की नंबर आपोआप येतो. सिंपल आहे."

"कागदावरची सही बघत नाहीस?"

शैलेशने खिन्नपणे तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही बघितलीय का?"

साधनाला हसू आवरलं नाही.

"फोन कोण करतं?"

"सकाळी सिस्टर राउंडला असतात, तेव्हा एक मावशी करतात. संध्याकाळी सिस्टर स्वतः."

साधनाने चुकीची बिलं एका बाजूला काढली. मग वेळा पाहिल्या. सकाळ. सकाळ. हीसुद्धा सकाळ. एकही संध्याकाळची नाही. बरोबर असलेली बिलं उलट सगळी संध्याकाळची.

"मावशी काय सांगतात फोनवर? शब्द आठवतात?"

"आठवायला काय, रोज तेच." शैलेशने आवाज चढवून नक्कल केली. "'अरं बाळा, हुमाबाईंच्या वॉर्डातली बाई निगाली गं माय घरला, बिल कर बिगीबिगी!'"

"आणि तू हुमाबाई निवडतोस."

"मग काय निवडू? त्या रजेवर आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही."

म्हणजे लीलाबाई. ज्या पोरीसाठी तीन साड्या फाडून दुपटं शिवलं, तिचाच नंबर त्यांनी महिनोन् महिने भलत्या बिलांवर चढवला होता.

का?

५

परतीच्या रस्त्यावर साधनाने एका उसाच्या गुऱ्हाळापाशी स्कूटर थांबवली. रस प्यायला नव्हे, विचार करायला. तरी रस प्यायलाच, कारण गुऱ्हाळवाल्याने विचारायच्या आधीच ग्लास भरला.

फायदा कुणाचा? तिने सुरुवात तिथून केली. वाल्मीक डॉक्टरांचा नंबर चालू आहे, दर दोघांना सारखाच, तेव्हा त्यांना हुमाचा नंबर लागतच नाही. निरंजन यांना हुमाला अडवायचं असतं, तर एका सिस्टरला सांगून संध्याकाळचीही बिलं बिघडवता आली असती. शैलेशला कुणाचं काही घेणं नाही. आणि लीलाबाईंना तर हुमाचं वाईट व्हायला नकोच आहे. ज्या खोट्यात कुणाचाच फायदा नाही, ते खोटं माणसं बोलत नाहीत. मग ते खोटं नसेलच.

'हुमाबाईंच्या वॉर्डातली बाई.' यात खोटं काय आहे? वॉर्ड हुमाचाच होता. हुमा कामावर होती तेव्हाही मावशी हेच सांगत असणार, आणि तेव्हा ते शंभर टक्के बरोबर होतं. डॉक्टर बदलले, वाक्य तेच राहिलं.

पण का राहिलं? 'वाल्मीक सरांची पेशंट' म्हणायला जीभ किती लांब लागते?

ग्लास हातात धरून साधना उभी राहिली. जिन्यातून खणखणीत हाक मारणारी बाई. वाल्मीकला बोलवा म्हटल्यावर मात्र हाक न मारता अख्खा व्हरांडा चालून दार वाजवणारी. उंच डॉक्टर, चष्म्याचे, नवे, ते, त्येंनी. 'ढमाले डॉक्टर' म्हणायची सोय नाही, कारण तसं म्हटलं की निरंजन. आणि डब्याच्या झाकणावर ठिपक्यांनी कोरलेला तो 'वा.'.

तिने दवाखान्यात फोन लावला. सिस्टरने उचलला.

"सिस्टर, एकच विचारते. लीलाबाईंच्या मालकांचं नाव काय हो?"

"वाल्मीकदादा," सिस्टर म्हणाली. "रताळी विकतात ना, पौडच्या नाक्यावर. का?"

साधना गुऱ्हाळात एकटीच मोठ्याने हसली. गुऱ्हाळवाल्याने तिला न विचारता आणखी अर्धा ग्लास ओतला.

६

निरंजन यांच्या खोलीत सगळे जमले. हुमासुद्धा आली होती, बाळाला शालीत गुंडाळून. शाल नाकावर आली की तो शिंकायचा आणि सगळी चौकशी क्षणभर थांबायची.

"चोरी झालेलीच नाही," साधनाने सांगून टाकलं. "लीलाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आणि नव्या डॉक्टरांचं नाव नेमकं तेच आहे."

डॉक्टर वाल्मीक यांनी चष्मा काढला. "म्हणून तुम्ही मला 'अवो' म्हणता?"

"मग काय म्हनू?" लीलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं घरात नाव न्हाई घेतलं, आन् हितं फोनवर घिऊ? परक्या पोरापुढं?"

"मावशी, मला सांगायचं तरी," हुमा म्हणाली.

"तुला काय सांगू बाय, तू तर बाळंतीन." मग लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्यापायी तुजा नंबर जातुया व्हय गं?"

हुमाने मान हलवली, पण 'नाही' म्हणू शकली नाही. कारण तो जाणार की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं.

साधनाने विमा कंपनीत नलिनी मॅडमना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. नलिनी मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लाल खूण पाडायचं बटण त्यांच्याच टेबलावर होतं.

"कथा गोड आहे, साधना. पण मला साक्ष लागेल. त्या पेशंट कुणाच्या होत्या, हे फोन करणाऱ्या बाईंनी डॉक्टरचं नाव घेऊन सांगायचं. रेकॉर्डवर. 'उंच डॉक्टर' असं मी समितीपुढे ठेवू शकत नाही."

"मॅडम, नाव घेत नाहीत हाच तर..."

"मग मी काय करू? दहा मिनिटांत मला फाइल बंद करायची आहे."

निरंजन काही बोलायला गेले, पण हुमाने हातानेच त्यांना थांबवलं. "सर, नको. मावशींवर जबरदस्ती नको. माझं मी बघेन."

निरंजन यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. घोटावड्याच्या चुलीबद्दल सकाळपासून बोललेलं सगळं त्यांच्या तोंडावर उमटलं होतं, आणि ते त्यांना आवडत नव्हतं.

लीलाबाई उठल्या. त्यांनी डोईवर पदर घेतला, दोन्ही खांद्यांवरून नीट ओढला. फोनसमोर उभ्या राहिल्या, हळदीकुंकवाला उभ्या राहतात तशा. बाळाकडे एकदा पाहिलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"हुमाबाईंच्या बाळाला काजळाची तीट,
वाल्मीकरावांचं नाव घेते, बिलं करा नीट!"

सिस्टरने दारातूनच टाळी वाजवली. डॉक्टर वाल्मीक इतके लाजले की जणू हळद त्यांनाच लागली होती.

फोनच्या पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. नलिनी मॅडम कडक राहायचा प्रयत्न करत होत्या.

"हे रेकॉर्ड झालं. फक्त एक खुलासा हवा. यातले वाल्मीकराव नवरा, की डॉक्टर?"

"आता गं बया!" लीलाबाई फोनवरच ओरडल्या. "नवरा माजा रताळी इकतोय. त्यो कशाला आपरेशन करंल?"

आता मात्र पलीकडूनही हसू फुटलं. मागून आणखी कुणीकुणी हसत होतं, म्हणजे तिकडेही फोन स्पीकरवरच होता. "डॉक्टर हुमा," नलिनी मॅडम म्हणाल्या, "खूण पडणार नाही. बिलं दुरुस्त करून पाठवा. बाळ कसं आहे?"

हुमाने बाळालाच फोनजवळ धरलं आणि तो नेमका शिंकला.

शुक्रवारी घोटावड्याला पाटी लागली. निरंजन ढमाले स्वतः आले, नारळ घेऊन. फार बोलले नाहीत. टेबलाचं प्लास्टिक मात्र त्यांनीच काढलं आणि एक पाय हलतोय म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातली. पहिली पेशंट आली ती ताम्हिणीकडे दिलेली आणि माहेरी आलेली एक पोरसवदा बाई, सातवा महिना लागलेली. तपासणी झाली, बिल झालं आणि हुमाने त्यावर आपला नंबर स्वतःच्या हाताने घातला. आकडा आकडा सावकाश.

लीलाबाई कोपऱ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साधनाही आली होती, पेढे खात होती.

"मग मावशी, आता सकाळी शैलेशला काय सांगता?" तिने विचारलं.

"त्येनं मला त्या डाक्टरांच्या नंबराचं शेवटचं आकडं पाठ करायला लावल्यात. त्येवढंच सांगते. त्यो म्हनतो, मावशी, एकदम करेक्ट." लीलाबाईंनी बाळाच्या मुठीतून आपला पदर हळूच सोडवला. "बरं झालं. नंबर कुनाचा नवरा नसतो."